मागच्या सीटवरचे मास्तर

मास्तरांनी आजवर साडेचार हजार माणसांना गाडी शिकवली होती. हा आकडा त्यांचा स्वतःचा. कुणी मोजून पाहिला नव्हता. त्यात घाबरट होते, उतावळे होते, क्लचला पायपुसणं समजणारे होते, आणि लाल सिग्नल कसा चूक आहे हे त्यालाच पटवून देणारे एक निवृत्त न्यायाधीशही होते. या सगळ्यांशी मास्तर इतक्या मऊ आवाजात बोलत की लोक म्हणायचे, "काय शांत माणूस हो! घरचे किती नशीबवान असतील." घरचे हे ऐकून एकमेकांकडे बघायचे. दिवसभर गावाला संयम वाटून मास्तर संध्याकाळी घरी यायचे तेव्हा पिशवी रिकामी झालेली असायची.

दरवर्षी परीक्षा संपल्या की मास्तर कुटुंबाला डोंगरातल्या तळ्यावर घेऊन जात. नाव सहलीचं, पण थाट मोहिमेचा. आठवडाभर आधी फ्रिजच्या दारावर वेळापत्रक लागायचं. सहा वाजून दहा मिनिटांनी निघणे. आठ वीसला चहा, बारा मिनिटं. लघवीला कुठे थांबायचं ते मास्तर ठरवत आणि मुलांनी ते पोटावर हात ठेवून पाळायचं. गाडी शिकवणीचीच, फक्त टपावरची पाटी काढलेली. पुढे डावीकडे, एरवी मास्तर बसत त्या जागी, बायको. तिच्या पायाशी शिकवणीच्या गाडीत असतो तो दुसरा ब्रेक. त्याला चुकूनही पाय लावायचा नाही, ही ताकीद तिला लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत मिळाली होती. मागे दोन मुलं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा.

घाट सुरू झाला की थोरलीला मळमळायचं. दरवर्षी, न चुकता. मास्तरांकडे त्यावर रामबाण उपाय होता. "मनाचे खेळ असतात ते. लक्ष द्यायचं नाही." मग थोरली अजिबात लक्ष न देता पिशवीत ओकायची.

अशी वर्षं गेली आणि मुलं मोठी झाली. मुलांना हा एक वाईट नाद असतोच. धाकटा सतराव्या वर्षी बापापेक्षा वीतभर उंच झाला. त्याची आई कपडे उसवून-बेतून द्यायचं दुकान चालवायची. गावातल्या सगळ्या पँटी तिने लांब-आखूड केल्या होत्या, पण स्वतःच्या मुलाच्या पँटीची दुमड सोडता सोडता सोडायला दुमडच उरली नाही, तेव्हा तिने हात टेकले. थोरली बावीस वर्षांची. पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यात तिला नोकरी लागली होती आणि पंधरा दिवसांनी ती दुसऱ्या शहरात राहायला जाणार होती. या गोष्टीवर घरात फारसं बोलणं होत नसे. मास्तरांनी एकदाच विचारलं होतं, "तिकडे पार्किंग कसं आहे?" बापाच्या मनात त्या वेळी जे काही कालवलं असेल, ते सगळं त्या एका प्रश्नात आलं असं समजायचं.

याही वर्षी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. धाकट्याने ते वाचलं, दूध काढलं आणि दार लावत म्हणाला, "बाबा, या वेळी तुम्ही दोघंच जा की."

"दोघंच म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आणि आई. छान निवांत."

मास्तर आणि बायको, दोघांच्याही चेहऱ्यावर एकदमच भीती उमटली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. निवांत वगैरे ऐकायची सवय राहिली नव्हती.

थोरली म्हणाली, "नाही रे, सगळे जाऊ. पण यंदा सगळं मी ठरवणार. कुठे राहायचं, कधी निघायचं, कुठे थांबायचं. आणि गाडी मी चालवणार."

"चालव की," मास्तर उदार झाले. "मी शेजारी बसतो."

"शेजारी आई. तुम्ही मागे."

"मागे? मी?"

"तुमच्या पायाखाली ब्रेक असला ना बाबा, तर आपण पुढच्या वर्षी पोचू."

"मतदान घ्या," धाकटा म्हणाला. त्याने हात वर केला, थोरलीने केला. बायको तोंडात टाचण्या धरून कुणाच्या तरी झग्याची खालची पट्टी बेतत होती. तिने वर न बघता कात्री धरलेला हात उचलला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे तर वाशांनीच घर फिरवलं.

निघायला पावणेआठ वाजले. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. मास्तर मागे बसले, म्हणजे बसवले गेले. त्यांच्या एका बाजूला जेवणाची पिशवी, दुसऱ्या बाजूला धाकट्याचे पाय. उरलेला धाकटा त्या पायांच्या पलीकडे कुठेतरी कानांत गाण्याची बोंडं घालून बसला होता. या गाडीला मागची सीट आहे हे मास्तरांना माहीत होतं, पण तिचा अनुभव नव्हता. काच खाली करायला गेले तर ती अर्ध्यावर अडकली. मुलं लहान असताना डोकं बाहेर काढतील म्हणून ही सोय मास्तरांनी स्वतःच करून घेतली होती.

सपाट रस्ता होता तोवर त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या.

"तिसरा टाक."

"तिसराच आहे."

"आरसा बघत जा."

"बघतेय."

"काय दिसतं?"

"तुम्ही."

बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

मग घाट लागला. पहिल्या वळणाला मास्तर म्हणाले, "जरा आधी वळवायला हवं होतं." दुसऱ्या वळणाला म्हणाले, "हं." तिसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत. चौथ्या वळणानंतर गाडीत इतकी शांतता पसरली की धाकट्याने कानांतली बोंडं काढून पाहिलं, बॅटरी गेली की काय.

मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. तोंडात पाणी सुटत होतं आणि पोटात कुणीतरी हळूहळू चाक फिरवत होतं. आपल्याला काय होतंय हे त्यांना कळेना. साडेचार हजार माणसांना गाडी शिकवलेला माणूस. त्याला गाडी लागते ही गोष्टच संभवत नव्हती. मनाचे खेळ, त्यांनी मनाला सांगितलं. मनाने ऐकलंही असतं, पण पोट त्या संभाषणात नव्हतं.

"थांबव," ते म्हणाले.

"इथे? बाबा, वळणावर थांबायचं नसतं. तुम्हीच–"

"थांबव गं!"

थोरलीने पुढची मोकळी जागा बघून, इशारा देऊन, आरसा बघून, अगदी शिकवल्याप्रमाणे गाडी कडेला घेतली. एवढं नीट शिकवल्याचा मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. दार उघडून ते जेमतेम चार पावलं गेले आणि दगडी कठड्याला धरून ओकले.

कपाळावर एक हात आला. ओला रुमाल. थोरली शेजारी वाकून उभी होती.

"येऊ दे. सगळं येऊ दे. आता लगेच पाणी प्यायचं नाही, नुसती चूळ भरा."

मास्तरांनी निमूटपणे चूळ भरली.

"आता लांब बघा. त्या समोरच्या डोंगराकडे. खाली नाही. ही लिंबाची गोळी धरा, चावायची नाही. आणि खोल श्वास घ्यायचा नाही, छोटे छोटे घ्यायचे. खोल घेतला की परत येतं."

"तुला कसं माहीत एवढं?"

थोरलीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मास्तर डोंगराकडे बघू लागले. डोंगर बराच मोठा होता. बघायला वेळ लागला.

"असंच व्हायचं तुला?" त्यांनी विचारलं. "दर वेळी?"

"दर वेळी नाही. फक्त जाताना आणि येताना."

ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण मास्तरांना पाठ होती. ती स्वतःच्या पोटातून ऐकण्याचा योग मात्र चोपन्नाव्या वर्षी आला.

उरलेली वळणं थोरलीने बैलगाडीच्या चालीने घेतली. मागून चार गाड्यांनी भोंगे वाजवले. तिने त्यांना हात करून पुढे सोडलं. बायको मागे हात करून मास्तरांचा गुडघा धरून बसली होती. धाकट्याने न सांगता पाय आवरून घेतले. ते कुठे आवरले हे विज्ञानाला न उलगडलेलं कोडंच होतं.

या वेळचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठाला होतं. नेहमीचं विश्रामगृह नाही. मालकीणबाई एक करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. आवारात दोन दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये एका गाडीपुरती जागा; इकडे तिकडे टीचभर. थोरलीने मान वळवली, एका दमात गाडी मागे नेली आणि दोन्ही खांबांच्या बरोबर मधोमध उभी केली. मास्तर अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी ते बघत होते. त्यांच्या चांगल्या विद्यार्थ्यांनाही हे तिसऱ्या खेपेला जमायचं. कौतुक करायला त्यांनी तोंड उघडलं, पण तोंड उघडणं अजून सुरक्षित वाटेना, म्हणून परत मिटलं.

जेवणानंतर मुलं तळ्याला वळसा घालायला निघाली. मास्तरही चपला शोधू लागले.

"तुम्ही आराम करा बाबा," धाकटा म्हणाला.

हे वाक्य मास्तर आजवर म्हाताऱ्या माणसांना म्हणत आले होते. ते चपला तशाच ठेवून पायरीवर बसले. बायको शेजारी येऊन बसली. खाली तळ्याच्या काठाने मुलं चालली होती. धाकटा काहीतरी बोलला, थोरलीने त्याला ढकललं, तो पडता पडता वाचला. लहानपणी ही दोघं अशीच ढकलाढकली करायची, तेव्हा मास्तर विश्रामगृहाच्या पायरीवरून ओरडायचे, "पाण्यापासून लांब!" आताही त्यांनी तोंड उघडलं होतं. पण मुलं इतकी पुढे गेली होती की आवाज पोचला नसता.

"एवढी वर्षं ती मागे ओकत होती," मास्तर म्हणाले, "आणि मी पुढे घड्याळ बघत होतो."

"मी सांगत होते दर वेळी."

"तुझ्या पायाशी ब्रेक होता. मारायचा होतास."

"मारला होता की. एकदा. आठवत नाही? ती सात वर्षांची होती. तुम्ही त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

मास्तरांना आठवलं. "वाईट झालं," ते म्हणाले.

"छे, छान गेले ते दोन दिवस."

मास्तर हसले. मग त्यांचं हसू मध्येच कुठेतरी अडकलं, त्या मागच्या काचेसारखं. बायकोने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "ती गेल्यावर तिची खोली मी कापडं ठेवायला घेणार आहे," ती म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही तिथे नुसतेच जाऊन बसाल."

"तू नाही बसणार?"

"मी शिवत बसेन. तेवढाच फरक."

मुलं चहाच्या वेळेला परत आली. कसल्यातरी गोष्टीवर दोघं हसत होती. काय झालं विचारलं तर धाकटा म्हणाला, "काही नाही हो," आणि दोघं आणखी हसली. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. बापाला न कळणारे विनोद मुलांकडे जमा होऊ लागले की समजावं, संसार मार्गी लागला. पुस्तकात असंच लिहितात. प्रत्यक्षात चहा थोडा कडू लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आवारात उभे राहून तळ्याकडे बघत होते. मालकीणबाईंचा पाण्याचा टँकर आत यायचा होता म्हणून थोरलीने गाडी बाहेर काढली होती. टँकर येऊन गेला. आता गाडी परत लावायची होती.

"बाबा," थोरलीने काच खाली करून हाक मारली, "जरा येता का? या खांबांमध्ये रिव्हर्स मला जमेल असं वाटत नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग खांबांकडे. काल याच जागेत हिने गाडी सुरीसारखी म्यानात घातली होती.

"काल जमलं की."

"काल चुकून जमलं. आणि तिकडे गेल्यावर ऑफिसची मोठी गाडी असणार आहे, रोज असल्याच जागा. एकदा दाखवा ना."

मास्तर तिच्या शेजारी जाऊन बसले. पायाशी त्यांचा ब्रेक होता. त्यांनी पाय मागे ओढून सीटखाली घेतले.

"घे मागे. घाई नाही."

पहिल्यांदा तिने चाक उलटं फिरवलं. गाडी तिरकी झाली. दुसऱ्यांदा उशिरा फिरवलं आणि डावीकडचा खांब वीतभरावर आला. मास्तर बघत होते. खऱ्या शिकाऊ माणसाचे पाय आधी चुकतात. क्लच थरथरतो, गाडी आचके देते, मग हात गोंधळतात. हिचे हात ठरवून चुकत होते, पण पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी लोण्यावरून सरकावी तशी हलत होती.

लहान पोराशी शर्यत लावली की मोठी माणसं शेवटी मुद्दाम मागे पडतात, तसं काहीतरी चाललं होतं. फक्त इथे मोठं कोण आणि लहान कोण याची गल्लत झाली होती. 

आता हे ओळखल्याचं सांगावं की नाही? सांगितलं असतं तर ती हसली असती, गाडी एका दमात लागली असती आणि दोघं चहाला गेली असती.

"हरकत नाही," मास्तर त्यांच्या सगळ्यात मऊ आवाजात म्हणाले. आजवर हा आवाज फक्त फी भरणाऱ्यांच्या वाट्याला आला होता. "अगदी बरोबर चाललंय. आता खांबाकडे बघू नकोस, खांबांमधल्या मोकळ्या जागेकडे बघ. आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते."

तिसऱ्या खेपेला ती मधोमध लागली.

"छान," मास्तर म्हणाले. "आता बाहेर काढ आणि परत एकदा घे."

"परत? जमलं ना आता."

"एकदाने काय होतंय?"

थोरलीने त्यांच्याकडे एक क्षण बघितलं. मग पहिला गिअर टाकला. घरातून बायकोची हाक आली, नाश्ता गार होतोय म्हणून. धाकटा दारात येऊन, हे दोघं काय करताहेत ते बघून, डोक्याला हात लावून आत गेला. गाडी बाहेर गेली, आत आली. पुन्हा बाहेर गेली, आत आली. मालकीणबाई ओसरीवर उभ्या राहून बघत होत्या.

शेवटी त्यांना राहवलं नाही. "अजून नाही का जमत पोरीला?" त्यांनी विचारलं.

"वेळ लागेल थोडा," मास्तर म्हणाले.