गुडघ्याची दांडी

कापायचं चौथं बिट, म्हणजे राउटरचं धारेचं टोक, तुटलं तेव्हा त्याने आधी राउटर बंद केला, मग कानातले कापसाचे बोळे काढले आणि मग एक शिवी हासडली. पहिलं तुटलं तेव्हा शिवी आधी आली होती आणि राउटर तसाच फिरत राहिला होता. त्याची खूण मशीनच्या आडव्या पट्टीवर अजून होती.

तुटलेलं टोक ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये रुतून बसलं होतं. भोवती धातू वितळून वाळलेल्या सरसासारखा चिकटला होता. त्याने पक्कड लावून टोक ओढलं. ते हललंसुद्धा नाही.

"तुटलं का?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं.

"नाही."

"आवाज आला."

"तुटलं."

आत तिचं शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं, याचाच त्याला जास्त राग आला.

तो सुतार होता. मशीन त्याने स्वतः बांधलं होतं, दोन वर्षं खपून. सांगाडा जाड प्लायवूडचा, मोटारी जुन्या छपाईयंत्रांतून काढलेल्या, आणि कापायला त्याचाच राउटर, ज्याने तो आयुष्यभर दारांच्या कडा गोल करत आला होता. संगणकावर आकृती काढायची, बटण दाबायचं, की मोटारी राउटरला त्या आकृतीवरून फिरवून आणत. सागवानात ते असं चालायचं की बघत बसावं. गल्लीत लोक त्याला तेव्हापासून इंजिनियर म्हणू लागले होते. कौतुकाने म्हणत होते असं नाही.

पण आता सागवान नव्हतं. आठ मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम होतं आणि त्यातून एक दांडी कापून काढायची होती.

बायको शिवणकाम करायची. तिच्या मोठ्या मशीनवर सुईखालचं कापड दाबून धरणारं जे फूट असतं, ते उजव्या गुडघ्याने एक दांडी ढकलून वर उचलायचं. दोन्ही हात कापडावर, पाय पायटीवर, आणि गुडघा मध्येच बाजूला. तिला यात विचार करावा लागत नसे. आठ महिन्यांपूर्वी याने तिला हाक मारली, प्लायवूडचा एक ताव माळ्यावर चढवायला जरा खालून धर म्हणून. ताव निसटला. तिचा उजवा गुडघा त्याखाली आला.

हाड जुळलं, पण जोर परत आला नाही. ती दर वळणाला थांबून हाताने फूट उचलायची. जी बाई दिवसाला चार कोट शिवायची, तिचा एक होईना. डॉक्टर म्हणाले होते, गुडघा हलता ठेवा. एवढं एकच वाक्य त्याने धरून ठेवलं होतं. लांब दांडी केली तर कमी जोर लागेल, कमी जोर लागला तर गुडघा हलेल, आणि हलत राहिला तर बरा होईल. त्याने जमिनीवर बसून तिच्या उजव्या गुडघ्याची मापं घेतली होती, इकडून तिकडून, तीन तीनदा. तिने मुकाट्याने घेऊ दिली.

टर्नर त्याचा शाळेपासूनचा मित्र होता आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याचं लेथचं दुकान होतं. पाचवं बिट उधार मागायला गेला तेव्हा टर्नरने आधी पोटभर हसून घेतलं.

"लाकडाच्या राउटरने धातू कापतोयस? आणि मशीन प्लायवूडचं? तुला कोणी अडवलं नाही?"

"बिट आहे का सांग."

"मला दे ती प्लेट. भोकं पाडतो, करवतीने कापतो, कानस मारतो. संध्याकाळी घेऊन जा."

"नको."

"का रे?"

"मीच करणार."

टर्नरला ताव कसा निसटला ते माहीत होतं. त्याने हसणं थांबवलं आणि ड्रॉवरमधून एक बारीक बिट काढलं.

"हे एका धारेचं आहे. पुढे किती वेगाने सरकवतोस?"

"अगदी हळू. जपून."

"तिथेच घोळ आहे. राउटर फिरतोय भन्नाट आणि तू पुढे जाईनास, म्हणजे धार नुसती एका जागी घासतेय. घासलं की तापणार, तापलं की चिकटणार. खोल जाऊ नकोस, कागदाएवढा थर घे, पण पुढे नीट वेगाने जा. आणि रॉकेलचा ब्रश फिरवत राहा."

तो घरी आला. वेग वाढवायचा म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. त्यात चौथं बिट अडकलं तेव्हा हिसका बसून एका मोटारीच्या वायरी उपटल्या होत्या. चार बारीक वायरी, चार रंगांच्या, आणि रंग धुळीने सारखेच झालेले. त्याने चष्मा पुसून त्या पुन्हा डाग देऊन जोडल्या. मग एका फळीवर गोल कापून बघितला. गोल चोख आला. मोटार चालतेय एवढं त्याला पुरे होतं.

नवी प्लेट कसली, मधोमध खूण केली, हाताने स्क्रू फिरवून बिट बरोबर त्या खुणेवर आणलं. बटण दाबलं.

या वेळी धातूची किंचाळी नव्हती. करकर आवाज होता, एकसारखा, आणि बिटाखालून चकाकणारा चुरा उडत होता. तो ब्रशने रॉकेल लावत राहिला. चुऱ्याखाली काय आकार होतोय ते दिसत नव्हतं; त्याची नजर बिटावरून हलत नव्हती. पाऊण तास तो श्वाससुद्धा बेताने घेत होता.

दांडी सुटी झाली. फूट वर ओढणारी सायकलच्या ब्रेकची तार बसायची खाच, स्क्रूची डोकी आत बसतील अशी भोकं, सगळं अगदी हवं तसं. ती अजून गरम होती. त्याने ती फडक्यात धरली आणि जवळजवळ पळतच आत गेला.

"ऊठ, ऊठ जरा."

बायको खुर्ची सरकवून बाजूला झाली. तो टेबलाखाली शिरला. दांडी उजव्या बाजूला धरली आणि बघतच राहिला. वळण बाहेर जायच्या ऐवजी आत येत होतं. त्याने ती उलटी केली. वळण बरोबर आलं, पण आता तारेची खाच आणि भोकांची तोंडं लाकडाच्या बाजूला गेली. पुन्हा फिरवली. उजव्या पायात डाव्या पायाची चप्पल घालू बघावी तसा प्रकार झाला होता.

वायरी. त्या चारांतल्या दोन उलट जोडल्या गेल्या होत्या. मोटार उलटी फिरली आणि आकृती आरशात दिसावी तशी कापली गेली. आणि त्या शहाण्याने तपासायला कापला होता गोल. गोल आरशातही गोलच दिसतो.

"काय झालं?" बायकोने वाकून विचारलं.

"उलटी आली. डाव्या गुडघ्याची झाली." टेबलाखालून बाहेर येताना त्याचं डोकं फळीवर आपटलं. "आठ महिन्यांत एक काम धड होईना माझ्याच्याने. एक!"

"दाखवा बघू."

"काय दाखवा? भंगार आहे."

त्याने दांडी भंगाराच्या डब्यात फेकली. डबा कलंडला. तो तसाच टाकून, चपला पायात सरकवून तो बाहेर पडला.

टर्नरकडे तो तासभर बसला. टर्नरने या वेळी चहा दिला, प्लेटचा एक तुकडा दिला आणि गोलाची गोष्ट ऐकून हसू कसंबसं दाबलं. तुकडा काखेत मारून तो परत निघाला. वायरी आधी सरळ करायच्या, मग बिट बदलायचं, असं मनाशी घोकत.

दारातच त्याला शिवणयंत्राचा आवाज आला. लांब शिलाई, थांबणं, लगेच पुन्हा लांब शिलाई. थांबणं इतकं छोटं होतं की हात उचलायलाही वेळ मिळू नये. तो चपला न काढताच आत गेला.

बायको कोटाची बाही शिवत होती. दोन्ही हात कापडावर होते. टेबलाखाली, डाव्या बाजूला, दांडी बसवलेली होती. चार स्क्रू जरा तिरकेच गेले होते. ब्रेकची तार टेबलाखालून वळवून फुटापर्यंत नेलेली होती. तिचा डावा गुडघा बाजूला सरकला, फूट उचललं गेलं, बाही फिरली, फूट खाली आलं.

"भंगारात टाकलीत म्हणून बरं," ती मान वर न करता म्हणाली. "विचारत बसावं लागलं नाही."

"अगं, पण उजवा गुडघा हलता ठेवायचाय ना?"

ती शिवायची थांबली.

"तो आता जेवढा आहे तेवढाच आहे. डॉक्टरांनी मला तिसऱ्या महिन्यातच सांगितलं."

तो प्लेट काखेत धरून उभा होता. ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

"मग मापं कशाला घेऊ दिलीस?"

तिने बाहीतली एक टाचणी काढली आणि ओठांत धरली. मग परत काढून उशीला टोचली.

"तुम्ही किती जपून घेत होतात."

तिने गुडघा एकदा हलवून बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"जरा वर लागते. दोन बोटं खाली हवी."

त्याने प्लेट भिंतीशी टेकवली. खिशातून टेप काढला आणि सवयीने टेबलाच्या उजव्या बाजूला जाऊन जमिनीवर बसला. टेप उघडला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

मग तो उठला, तिच्या खुर्चीमागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि खाली बसला. तिने डावा पाय पुढे केला.