पडद्याआडचा पारा

"दुपारी वर कुणाला सोडत नाहीत, वहिनी. तुम्ही इथंच सावलीला बसा," दीपगृहाच्या दारात उभा असलेला माणूस म्हणाला.

शालूबाईनं मान वर केली. दगडी मनोऱ्याच्या टोकाला काचेची खोली होती, आणि भर दुपारी तिला आतून चारी बाजूंनी पडदे लावलेले होते.

"वर कोन हाय?"

"नाथाजीच. दुसरं कोण असणार?"

"मग पडदं कशापायी?"

तो नुसताच हसला. ते हसणं तिला आवडलं नाही. त्याला ओलांडून ती आत शिरली आणि जिना चढू लागली.

कडेगावजवळच्या मळ्यातून ती कालच निघाली होती. कऱ्हाडला एसटी बदलून कुंभार्ली घाट उतरली ती कुणालाही न सांगता. तिचा नवरा एकोणीस वर्षं या खाडीच्या तोंडावर बत्तीवाला होता. वर्षातून दोनदा घरी यायचा. मागच्या, चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत आला तेव्हा त्याला हातात कप धरवेना. एवढ्याशा बोलण्यावरून त्यानं ताट भिरकावलं आणि मग परसात जाऊन रडला. थोरले दीर लालासाहेब फौजेतून आलेले. त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला, "शालू, असलं हात मी लय बगितल्यात. दारू हाय. आन तिकडं पाजनारीबी कुनीतरी असंलच."

नाथाजी झोपल्यावर तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला होता. दारूचा वास नव्हता. पण ती 'पाजनारी' तिच्या मनातून जाईना.

वरच्या खोलीत भट्टीसारखी उष्णता होती. मधोमध पुरुषभर उंचीचं काचेचं भिंग, आणि त्याच्या बुडाशी नाथाजी गुडघ्यावर बसून चामड्याच्या फडक्यातून चांदीसारखं काही तरी घमेल्यात गाळत होता.

"शालू? आगं, घरी समदं ठीक हाय न्हवं?"

ती भिंगाला वळसा घालून आली, एकेक पडदा चाचपला. तिसऱ्या पडद्याशी त्याच्या ध्यानात आलं.

"कुनाला हुडकतीस?" त्यानं हळू विचारलं.

"पडदं कशाला लावल्यात ते सांगा आदी."

त्यानं उठून एक पडदा वीतभर सारला आणि भिंगाच्या आत, बत्तीच्या जागी चिंधी धरली. ऊन भिंगातून तिथं गोळा झालं. बघता बघता चिंधीतून धूर निघाला.

"दिवसा उघडं टाकलं तर आग लागंल," तो म्हणाला. मग, तिनं विचारलं नव्हतं तरी, सांगत सुटला. "मनोरा शंबर वर्साचा हाय. भिंग मागनं आलं, फ्रान्सातनं. वजन दोन टन. बोट लाव बगू."

तिनं एका बोटानं ढकललं. एवढं धूड आवाज न करता फिरलं. तिनं हात मागं घेतला.

"पाऱ्यावर तरंगतंय ते. खाली गोल चर हाय, त्यात पारा. धूळ बसली की गाळायचा. दर पंधरवड्याला."

"एकोनीस वर्सं?"

"मग काय."

बोलताना त्याचा हात थरथरला. पाऱ्याचा थेंब फरशीवर पडला, फुटला आणि फटीत पळाला. शालूबाई त्या फटीकडे बघत राहिली.

"तुमच्या आदी हितं कोन हुतं?"

"सिद्धूआप्पा. जतकडचा."

"त्येचं हात कसं हुतं?"

नाथाजीनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. "काडी वढाय यायची न्हाई त्याला," शेवटी तो म्हणाला. "बिडी मी पेटवून द्यायचो."

"प्यायचा?"

"छ्या. कंदीच न्हाई."

तिनं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "ह्याला आता हात लावायचा न्हाई."

"असं कसं? भिंग अडलं तर बत्तीच्या उघडझापीचा ठेका बदलतोय. लांबच्या जहाजाला वाटंल, ही दुसरीच बत्ती हाय, आन ते सरळ खडकावर येतंय. कुनीतरी गाळायलाच पायजे, शालू."

तिनं बाहेरच्या सज्जाचं दार उघडलं, त्याला दंडाला धरून वाऱ्यात नेलं. "मला कुनीतरी सांगितलं हुतं, हितं तुमची कुनी..." ती म्हणाली आणि थांबली.

"लालादादानं," तो म्हणाला. "मला ठावं हाय."

पाऱ्यानं हात गेले, असा त्यानं खात्याकडं अर्ज केला. साहेबांनी त्यावर 'वयोमान' असा शेरा मारला. नाथाजी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. शालूबाईनं तो कागद दोनदा वाचून घेतला, पण तिचा विश्वास बसला नाही. चैत्रात ती त्याला कायमचा घरी घेऊन आली.

हातांची थरथर थांबली नाही. ती पाऱ्यामुळं आहे हे गावात कुणाला पटेना. "पारा काय, तापाच्या नळीत असतोय," लालासाहेब पारावर हसले. "नवऱ्यानं पढवून धाडलीया बाईला."

पुढच्या वैशाखात मलकापूरला पुतण्याचं, नानासोचं लग्न होतं. पुरुषांची पंगत बसली. नाथाजी टोकाच्या पानावर हात मांडीखाली दाबून बसला होता. "भूक न्हाई," तो वाढप्यांना सांगत होता. समोरच्या ओळीत कुणी तरी कुणाच्या कानाला लागलं.

शालूबाई आमटीची बादली घेऊन ओळीतून येत होती. तिनं बादली खाली ठेवली. पदर खोचला आणि पुरुषांच्या पंगतीत नवऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसली. लालासाहेबांचा हात पानावरच राहिला.

तिनं भात कालवला. घास त्याच्या तोंडाशी नेला.

"आवं, खावा."

नाथाजीनं खाली मान घालून तोंड उघडलं. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. दुसरा घास कालवायला घेतला.