तेल पाजलेलं चाक

"वच्छे, चाक रडाया लागलं का आधी त्याला पाज, मंग तू पाणी पी."

बापाचा हा आवाज वच्छलाबाईच्या कानात लहानपणीच घर करून बसला होता. परतूरच्या बाजाराला कापसाची गाडी निघायची. बाप धुरेवर, ती पोत्यांवर. वाटेत चाक कुरकुरलं की बाप बैल थांबवायचा अन् ती तुरुतुरु उतरून एरंडेलाची बुधली आसाशी धरायची. तेल पिऊन चाक गप व्हायचं. बैलांचा जीव हलका, तिचाही हलका.

आता बाप राहिला नव्हता. धावड्याला सासरच्या दारात बैलांऐवजी शेठची जीप उभी असायची, लढाईतून उरलेली, लिलावात घेतलेली. तिचा नवरा रायभान ती शेठसाठी चालवायचा. त्याचा बाप मेंढरांमागं पायी हिंडून झिजला, म्हणून की काय, रायभानला हळू जाणंच सोसत नव्हतं. घाट उतरताना त्याला शीळ सुचायची, अन् इकडं वच्छलाबाईच्या तव्यावरची भाकर करपायची.

जीपच्या ब्रेकचे पट्टे झिजले तेव्हा जालन्याच्या मार्तंड मिस्त्रीनं दोन जातींचे पट्टे पुढ्यात टाकले. घरी आल्यावर रायभान मोठ्या ऐटीत सांगत होता, "मऊ पट्टा जल्दी धरतो, पन घाटात तापला का ढिला पडतो. कडक पट्टा थंड असला का आळशी, अन् तापला का घोरपडीवानी चिकटतो. मिस्त्री म्हने, तुझ्यासारख्या उधळ्या गड्याला कडकच पायजे. जरा ओरडंल तेवढा."

अन् तो ओरडला. ब्रेकवर पाय पडला की डावीकडच्या पुढच्या चाकातून अशी लांब किंकाळी उठायची की पारावरची माणसं मान वळवायची.

"दादा, तुझी जीप तर नांदाया निघालेल्या पोरीवानी रडून राह्यली," धाकटा दीर धुळाजी म्हणाला. "तिला गळ्याशी धर जरा!"

सगळे हसले. वच्छलाबाई हसली नाही. रडतं चाक दारात ठेवून तिला घास गिळवेना.

दिवेलागणीला ती बुधली घेऊन जीपखाली सरकली. रडणं जिथून यायचं, त्या चाकामागच्या फटीत तिनं हळूहळू धार सोडली. तान्ह्या लेकराला पाजावं तशी. धार संपली, अन् रायभानची हाक आली. बुधली पदराआड लपवून ती घरात शिरली. जीपला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

दुसऱ्या दिवशी गल्लीतच जीपनं दावा साधला. ब्रेक दाबताच ती उजवीकडं हिसकली अन् धुळाजीची मेंढी चाकाखाली जाता जाता वाचली.

"चाकाला कोनी हात लावला का?" रायभाननं उतरताच विचारलं.

"मी कशाला लावू?" वच्छलाबाई बोलून गेली.

"मिस्त्रीकडं ने बाबा," धुळाजी म्हणाला.

"मिस्त्रीनंच सांगितलंय ना! थंड हाय तवर कडक पट्टा असाच. उद्या घाटाची दोन वळनं घेतो, तापंल अन् धरंल बराबर. अन् त्यो दुसरा जीपवाला कारभारी बी उद्या त्याच वाटेनं निघालाय. त्याच्या मागं धूळ खात जाऊ व्हय?"

संध्याकाळी त्याच्या ताटात कालवण वाढताना तिनं अंदाज घेतला, "अन् पट्ट्याला तेल लागलं तर हो?"

"तेल? मंग कितीबी तापव, धरायचा न्हाई. घसरगुंडीच." त्यानं वर पाहिलं. "का गं?"

"काही न्हाई. आपलं सहज."

त्या रात्री तिच्या पापणीला पापणी लागली नाही. सांगावं, तर दिवसा खोटं बोलले ते उघडं पडतं. गाव तोंडावर पदर घेऊन हसेल, दीर उठता बसता टोमणे मारील, अन् हा माणूस पुन्हा माझ्या शब्दावर कधी विसंबणार नाही. मिस्त्रीला आपोआप कळेल, असंही मनाला समजावून झालं. पण मिस्त्री जालन्यात, अन् घाट उशाशी.

सकाळी कारभारीची जीप भोंगा वाजवत, धुरळा उडवत पुढं गेली. रायभानची नस तडकली. त्यानं इंजिन चालू केलं. धुळाजी शेजारी चढून बसला, "मला बी बघू दे तुझी घोरपड," म्हणत.

वच्छलाबाई जीपच्या पुढं येऊन उभी राहिली. दोन्ही तळहात तापत्या पत्र्यावर.

"वहिनी, सरक! उशीर करून राह्यली!"

ती सरकली नाही. रायभान भोंगा वाजवत राहिला. पाराजवळची माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

"वच्छे, काय झालं? बोल की!"

"डाव्या चाकात म्या तेल ओतलंय," ती म्हणाली. आवाज फुटला, पण थांबला नाही. "रडत होतं म्हनून. अन् तुम्ही इचारलं तवा खोटं बोलले. गावासमोर काय शिव्या द्यायच्या त्या द्या मला, पन असं घाट उतरू नगा."