फाटक्या कोपऱ्याचं वजन

मित्रांनो, मी एक जुनी टपालाची थैली आहे. जाड कॅनव्हासची, मूळची खाकी आणि आता चिखलाच्या रंगाची. कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टपाल कचेरी आहे. तिच्या मागच्या खोलीत, भिंतीवर खडूने 'बाद' असं लिहिलंय, त्याखालच्या ढिगात मी पडून असते. कचेरीचं नाव मात्र विचारू नका. जिच्या छपराखाली आयुष्य काढलं, तिला चारचौघांत नावं ठेवू नयेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक तागा अंथरून मला कापलं, कडेला दुहेरी शिवण घातली आणि तोंडाभोवती बारा पितळी कड्या ठोकल्या. त्या कड्यांतून दोरी ओढली की माझं तोंड बंद. मग त्यावर सील. तेव्हा मी फार तोऱ्यात असे. कोणाचं नोकरीचं बोलावणं, कोणाच्या राख्या, कोणाचं औषध, कोणाच्या सुनेचं रुसलेलं पत्र, सगळं माझ्या पोटात! एकदा कोण्या मावशीने लेकीला पापड पाठवले, तर आठवडाभर माझ्या अंगाला हिंगाचा वास येत होता. पण पोटातलं ओठावर आणलं असं कधी झालं नाही.

मला उचलायचे रोहिदास. पोशीर गावचे. गाडीतून थैल्या उतरवायच्या, सोडून रिकाम्या करायच्या, पुन्हा भरून चढवायच्या, हे त्यांचं काम. खांदे रुंद, बोलणं थोडं, आणि कामात एकदम काटेकोर. रिकामी थैली तशीच टाकून द्यायची नाही असा टपालाचा नियम आहे. ती उलटी करायची, कोपऱ्यांत हात घालायचा, तोंड उजेडाकडे धरून आत बघायचं. पुष्कळ जण दोन झटके देऊन मोकळे होतात. रोहिदास मात्र खांद्यापर्यंत हात घालायचे आणि मग दारात उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "रिकामीऽ!" कोणी हसलं तर सांगायचे, "थैलीला पोट हाय, पण भूक नाय रं. गिळलेलं सगळं तिनं परत द्यायला पायजे." मला ते ऐकून बरं वाटायचं. थैलीचाही कोणी एवढा विचार करतं!

असा माणूस आयुष्यात एकदाच चुकला. ती गोष्ट सांगण्यासाठीच मी तोंड उघडलंय.

माघाचे दिवस होते. टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागली म्हणून टपालाची गाडी दोन तास उशिरा आली. ड्रायव्हर उतरलाही नाही. बाहेरून नुसता हॉर्न वाजवत होता. रोहिदासांनी घाईघाईने माझं सील तोडलं, दोरी खेचली आणि मला उपडी केलं. एक पोस्टकार्ड माझ्या कडीत अडकलं होतं. ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी हिसका दिला आणि टर्रकन आवाज झाला.

कार्डाचा वरचा कोपरा गेला होता. लिहिणाऱ्याने त्याच कोपऱ्यात 'श्री' लिहिला होता, तोही गेला. रोहिदासांनी इकडेतिकडे बघितलं. तो बोटभर तुकडा माझ्या झिजलेल्या शिवणीतून आत सरकला होता, तो कसा दिसणार? असं काही फाटलं की कचेरीच्या मास्तरबाईंना दाखवायचं आणि 'टपालात फाटले' असा शेरा मारून घ्यायचा, ही रीत. हॉर्न पुन्हा वाजला. 'एवढासा तर कागद,' असं म्हणून त्यांनी कार्ड पोस्टमन निलेशच्या गठ्ठ्यात सरकवलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या कोपऱ्यांत हात घातला नाही आणि दारात जाऊन हाकही दिली नाही.

तुम्ही लहान आहात, म्हणून सांगते. आपल्याकडे मरणाची बातमी कळवताना कार्डाचा कोपरा फाडतात आणि वर 'श्री' लिहीत नाहीत. कोपरा बघितला की माणूस समजायचं ते समजतो. असं कार्ड घरात नेत नाहीत. हल्ली कार्डंच कोणी पाठवत नाही, पण डोंगरातले लोक ही खूण अजून विसरलेले नाहीत.

चार दिवसांनी निलेश चहा पीत पीत म्हणाला, "रोहिदासकाका, कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली चिंधीमावशी हाय ना, तिचा पोरगा गेला. कमळ्या. वीटभट्टीवर होता घाटापल्याड."

"कोण बोललं तुला?"

"कार्डच आलं ना! मीच नेलं. कोपरा बघितला आन पुढं वाचायला मन झालं नाय. खाली गोमाच्या हातात दिलं."

गोमा वाडीतला जाणता माणूस. वाडीत रेंज नाही. एका खडकावर चढलं तरच फोन लागतो. गोमाने तिथे चढून कमळ्याचा नंबर लावून बघितला. फोन बंद. कार्ड वाचून घेऊ, असंही तो म्हणाला होता, पण चिंधीच नको म्हणाली. "पोर गेला ते कळलं. कसा गेला ते मला ऐकायचं नाय." मग वाडीने भाताचा घास ठेवला. ठेवता क्षणी कावळा आला आणि घेऊन गेला. एवढा झटपट कावळा आला म्हणजे जिवाला काही मागणं राहिलं नाही, असं सगळे म्हणाले.

निलेश सांगत होता आणि रोहिदासांच्या हातातल्या कपावर साय धरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तरी ते बोलले नाहीत. कोपरा आधीच फाटलेला असेल, आपल्या हातून थोडा आणखी गेला असेल, असं ते मनाला समजावत राहिले. माणसाला आपली चूक दिसली की तो आधी डोळे मिटून घेतो. मला त्यांचा राग आला, मित्रांनो. आणि कीवही आली.

तेव्हापासून मी जड व्हायला लागले.

थट्टा नाही करत. दुसऱ्या दिवशी रोहिदासांनी मला रिकामी उचलली आणि त्यांचा हात खाली गेला. उलटी केली, झटकली, खांद्यापर्यंत हात घातला. काही नाही. काट्यावर ठेवली, तर काटा एखाद्या तान्ह्या पोराएवढा झुकला. आठवड्याने तो आणखी झुकला. कचेरीतली तांबडी कुत्री रोज माझ्यावर झोपायची, ती आता उंबऱ्यावरूनच माझ्याकडे बघून गुरगुरायची. मुंग्यांची रांग भिंतीने सरळ येई आणि माझ्यापाशी वळसा घालून जाई. भर दुपारी, पंखा बंद आणि माणसं जेवायला गेलेली, अशा वेळी माझं रिकामं पोट हळूहळू फुगे आणि हळूहळू खाली बसे. मी फुगत नव्हते, मित्रांनो. माझ्या आत कोणीतरी श्वास घेत होतं. आणि त्या श्वासातून, दरीपलीकडून मारावी तशी बारीक हाक येई, "गं आयेऽ..."

रोहिदासांनाही ती ऐकू येत असणार. ते दुपारी मागच्या खोलीत यायचे बंद झाले.

शिमगा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपार होती. गाडीत थैल्या चढवायच्या म्हणून रोहिदास नाइलाजाने आत आले. मागच्या दारात, जिथे गाडी लागते तिथे, एक माणूस उभा होता. काळासावळा, किडकिडीत, केसांत आणि खांद्यांवर राख. उन्हात उभा होता, पण घामाचा थेंब नव्हता.

"काय पायजे?" रोहिदासांनी विचारलं.

"साहेब, टपालातून माझ्या घरी काय गेलं ते विचाराया आलो. मी कमळ्या. चिंधीचा."

रोहिदासांच्या हातातली थैली गळून पडली. त्यांची नजर आधी त्याच्या पायांवर गेली. पावलं सरळ होती, पुढे वळलेली. तरी ते एक पाऊल मागे सरले.

"वाडीवर गेलो तं दारं लावली सगळ्यांनी," कमळ्या म्हणाला. "आईला तीन हाका दिल्या. ओ नाय दिली. चौथ्या हाकेला बाहेर आली, अंगावर राख टाकली, म्हणाली, 'माघारी जा रं बाबा, तुझं सगळं केलंय आमी.' साहेब, ती रडत होती. मला हातबी लावू देईना. दोन दिस मी ओढ्यावर बसलोय. आता मलाच वाटाया लागलंय, मी मेलो तं नाय ना?"

हे बोलला आणि तो दारातच खाली बसला. रोहिदास त्याच्यासमोर उभे राहिले. तोंड बंद ठेवलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. नोकरीचे अखेरचे काही महिनेच उरले होते, डागाशिवाय. पण समोर जिवंत माणूस स्वतःच्या जिवंतपणाबद्दल विचारत होता.

ते वळले. मला त्यांनी मांडीवर घेतलं. पोटात हात घालून काही सापडलं नव्हतं, म्हणजे बघायची उरली होती फक्त शिवण. कातरीने माझी दुहेरी शिवण टाका टाका करून उसवली. दुखलं मला, पण मी म्हटलं, उसव बाबा. शिवणीच्या तळाशी बोटभर कागद होता. त्यावर निळ्या शाईचा 'श्री'.

रोहिदासांनी मला खांद्यावर टाकलं आणि कमळ्याला म्हणाले, "ऊठ. चल वर."

गाडी तशीच राहिली. मास्तरबाई मागून हाका मारत राहिल्या. टमटमने कोंडाण्यापर्यंत गेलो आणि तिथून वर चढ. पळसाखाली पाला वाजत होता, तरी वारा नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर एवढी जड होते की ते चार वेळा थांबले. वाडी दिसली तशी एकेक दार आपोआप मिटत गेलं. अंगणातली कोंबडीसुद्धा आत गेली. चिंधी दाराकडे पाठ करून बसली होती.

कमळ्या लांब उभा राहिला. रोहिदास तिच्यापुढे जाऊन उकिडवे बसले.

"मावशी, मी टपालातला रोहिदास. तुझ्या पोराच्या कार्डाचा कोपरा कुणी फाडला नव्हता. या कडीत अडकून माझ्या हातनं फाटला. आन मी ते लपवलं. हा बघ कोपरा."

 चिंधी उठली आणि वाडीच्या वेशीबाहेर गेली. तिथे वाटेच्या कडेला एक चपटा दगड होता, त्याच्यावर पाण्याची वाटी. असं कार्ड फाडून टाकतात. पण पोराच्या हातची शेवटची वस्तू तिच्याने फाडवली नव्हती. तिने दगडाखालून कार्ड काढलं आणि रोहिदासांच्या हातातला तुकडा घेऊन त्याला लावला. दाताला दात बसला. 'श्री' आपल्या जागी आला.

"वाच," ती म्हणाली.

दीड महिन्यात ते कार्ड पहिल्यांदा कोणीतरी वाचत होतं. "आईस नमस्कार. मी बरा आहे. फोन पाण्यात पडला म्हणून कार्ड लिहून घेतलं. शिमग्याला येतो. वाट बघ."

चिंधी कमळ्याकडे चालत गेली. खाली बसली आणि त्याच्या टाचांवरून हात फिरवला. आधी एका, मग दुसऱ्या. मग पदराने त्याच्या केसांतली राख पुसू लागली. पुसता पुसता म्हणाली, "मी तुला ओळखलं होतं रं. पहिल्याच हाकेला ओळखलं. मंग जास्तच भ्याले."

दारं एकेक करून उघडली. सगळे रडत होते, हसत होते. एकटा गोमा मात्र ओढ्याकडे बघत उभा होता. तो रोहिदासांच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "हा जिता हाय, बरं झालं. पण मंग आमी ठेवलेला घास नेला कोणी?"

रोहिदासांनीही ओढ्याकडे बघितलं. डोंगर उतरताना त्यांनी मला एका बोटावर उचललं. मी पिसासारखी हलकी होते.

त्यांनी मास्तरबाईंना सगळं लिहून दिलं. शेरा बसायचा तो बसला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझी उसवलेली शिवण दाखवून मला बाद करून घेतलं, म्हणजे माझ्या पोटात पुन्हा काही अडकू नये. मला उलटी केली, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "रिकामीऽ!" 

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपली असती. पण या ढिगात मी एकटी नाही. कुठकुठल्या कचेऱ्यांतून आलेल्या तीसेक थैल्या माझ्याभोवती आहेत. त्या कोणी उलट्या केल्या, कोणी नुसत्या झटकल्या, कोण जाणे. यादीत सगळ्यांपुढे 'रिकामी' लिहिलंय. लवकरच ट्रक येईल आणि आम्हाला भंगारात घेऊन जाईल.

दुपारी पंखा बंद झाला की माझं पोट सपाट असतं. पण माझ्याखालची थैली हळूहळू फुगते आणि हळूहळू बसते. तिच्याखालचीही. तुमच्यापैकी कोणी कधी टपालाच्या कामाला लागलात, तर हात खांद्यापर्यंत घाला, मित्रांनो. आणि आजच जमलं तर या मागच्या खोलीत या. मुंग्या कुठे वळसा घालतात ते बघा, आणि तिथून सुरुवात करा.