या फोनवरून

गाडीच्या मागच्या सीट गरम होण्यासाठी कंपनीने तीनशे डॉलर कापले, हे कळल्यावर पहिला आरडाओरडा मीच केला. सीट गाडीत होत्या, त्यांच्यातल्या तारा गाडीत होत्या, गाडी घेताना सगळ्याचे पैसे मोजून झाले होते. आता त्या तारा चालू करायला वेगळे पैसे! बरं, आम्ही मागितलंही नव्हतं. माझ्या मुलाच्या, शंतनूच्या कार्डावरून परस्पर गेले. दोन दिवसांनी गाडी जास्त जोरात पळावी म्हणून आणखी दोन हजार गेले. शंतनू हायवेवरही इथली हळू गाड्यांची उजवी लेन सोडत नाही, त्याला जोर कशाला हवाय?

"चोर आहेत लेकाचे," मी म्हणालो. "सोडू नकोस त्यांना."

माझी बायको शैला गेल्यावर शंतनू मला नागपूरहून सहा महिन्यांसाठी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला घेऊन आला. घरात तो, सून कादंबरी आणि आठ वर्षांची केया. सगळे दिवसभर आपापल्या कामात, आणि मी सोफ्यावर. माझी दया येऊन त्याने मला एक काम दिलं. त्याचा जुना फोन माझ्या हातात ठेवला, त्यात गाडीचं ऍप होतंच. रोज सकाळी सव्वासातला मी स्वयंपाकघरात उभा राहून एक बटण दाबतो, आणि बाहेर थंडीत गाडी आपली आपण गरम होऊ लागते. केया म्हणते, "थँक्स आजोबा, इट्स टोस्टी." तेवढ्यावर माझा दिवस जातो.

कंपनीशी शंतनू दोन तास चॅट करत बसला. तिकडून एकच उत्तर. खरेदी तुमच्याच अकाउंटमधून झालीय, अठ्ठेचाळीस तास उलटून गेले, पैसे परत मिळणार नाहीत. मग बँकेने क्लेम नोंदवून घेतला, पण म्हणाली, आता लेखी जाहीर करा की ही खरेदी तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कोणी केलेली नाही, आणि हे खोटं ठरलं तर परिणामांना तुम्ही जबाबदार.

इथे माझा अभ्यास कामाला आला. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली सोळा प्रतिज्ञापत्रांच्या टेबलावर. कोर्टाचं इंग्रजी मला झोपेतही येतं. रविवारी बसून मसुदा लिहिला. घरातल्या कोणत्याही व्यक्तीने, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, जाणूनबुजून किंवा अजाणतेपणी. एकही फट ठेवली नाही.

शंतनूने वाचलं आणि मान खाजवली. "बाबा, इतकं स्ट्राँग नको ना. बारा वर्षं ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे. कुठेही सही करायची म्हटलं की भीती वाटते यार."

"खरं लिहायला भीती कसली?" मी म्हणालो. केवढ्या तोऱ्यात म्हणालो!

काल, शुक्रवारी सकाळी, गाडी गरम करताना बोट सरकलं आणि भलतंच पान उघडलं. खरेदीची यादी. मागच्या सीट. जास्त जोर. आणि तिसरी एक नोंद, जिच्याबद्दल घरात कोणी बोललंच नव्हतं: गाडी आपली आपण पार्क करण्याची सोय. सोमवार, दुपारी दोन पन्नास. प्रत्येक नोंदीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही खरेदी या फोनवरून झाली.

या फोनवरून, म्हणजे माझ्या हातातल्या.

आधी वाटलं, बोट चुकून लागलं असेल. म्हणून मुद्दाम एका वस्तूवर दाबून पाहिलं. नुसत्या दाबण्याने काही होत नाही. ते विचारतं, नक्की घ्यायचं का? मग किंमत दाखवतं, परत विचारतं. तिथून मी घाईघाईने मागे आलो. म्हणजे कोणीतरी तीन वेगवेगळ्या दिवशी, शांतपणे, दोन-दोनदा हो म्हटलं होतं. आणि दुपारी तीनच्या सुमाराला या घरात माझ्याशिवाय कोणीही नसतं.

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

चुकून केलं असतं तर चालतं. माणूस म्हातारा होतो, बोटं जाड होतात, फोनचं इंग्रजी कळत नाही, लोक हसतात आणि सोडून देतात. पण मी सोमवार आठवायला बसलो आणि सोमवार सापडेना. दुपारी काय केलं? वरणभात खाल्ला असणार, तो तर रोजच खातो. एकोणनव्वद सालच्या एका वाटणीच्या दाव्यातल्या सात वारसांची नावं मी आत्ता, इथे, क्रमाने सांगतो. साक्षीदाराने कोणत्या हातात छत्री धरली होती तेही सांगतो. आणि चार दिवसांपूर्वीची दुपार माझ्याजवळ नाही. रविवारी मी मसुद्यात लिहिलं की घरातल्या कोणी केलं नाही, आणि सोमवारी मीच जाऊन ते केलं.

हातातला फोन टेबलावर ठेवला.

जानेवारीत आम्ही कादंबरीच्या मैत्रिणीकडे, कांचनकडे जेवायला गेलो होतो. तिच्या आईच्या मनगटावर एक पट्टा होता, हॉस्पिटलात असतो तसा. दाराला घंटी बसवलेली, बाई उठून दाराकडे गेल्या की वाजायची. कांचन आम्हाला सगळं मोकळेपणाने सांगत होती. गॅसची बटणं काढून ठेवलीत, नातवाला त्यांच्याजवळ एकटं सोडत नाही. बाई समोरच बसल्या होत्या, पुरी खात. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्या मात्र माझ्याकडे बघून हसल्या, ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या.

शंतनूला सांगायचं म्हणजे तो पट्टा मनगटावर बांधून घ्यायचा. केयाला बसस्टॉपवरून आणणं बंद. एकट्याने तळ्याभोवती फिरणं बंद. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलणं सुरू.

आणि नाही सांगायचं म्हणजे? शंतनू सही करणार. माझ्या मसुद्याखाली, माझ्या त्या शब्दांखाली. कंपनी बँकेला नोंद पाठवणार: खरेदी तुमच्याच घरातून, तुमच्याच जुन्या फोनवरून. खोटं प्रतिज्ञापत्र केलेल्या माणसाचं काय होतं हे मला कोणी सांगायला नको. आणि हा परक्या देशातला माणूस, बारा वर्षं एका कागदाची वाट बघत असलेला. एक डाग पुरे. सही करून कधी पाठवणार, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "वीकेंडला बघू."

दुपारी फोन घेऊन घरामागच्या तळ्याशी गेलो. बदकं होती, माणूस कोणी नव्हतं. फोन पाण्यात टाकला की संपलं, म्हणायचं, पडला. हात वर उचललासुद्धा. मग आठवलं की पुरावा नष्ट करायला निघालेल्या माणसाला आम्ही काय म्हणायचो, आणि फोन परत खिशात घातला. घाबरट माणूस किती हलकट होऊ शकतो, हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं.

तिथून बसस्टॉपवर गेलो तर कादंबरी आधीच उभी. हल्ली ती बऱ्याचदा येते. "आज घरून काम आहे ना बाबा, तेवढंच चालणं होतं," म्हणाली. मला तिचा रागच आला. माझं दुपारचं एवढं एक काम, त्यातही भागीदार! केया बसमधून उतरली आणि दोघांचे दोन हात धरून मधे चालू लागली. तिचा हात माझ्या हातात होता आणि मी मनात मोजत होतो, असे किती दिवस उरले.

रात्री झोप लागली नाही. सारखी एकच भीती: आत्ता जे ठरवतोय तेही सकाळपर्यंत गेलं तर? शंतनूला सांगायचं, सांगायचं, असं पुटपुटत पडून राहिलो.

आज शनिवार. कादंबरी केयाला पोहायला घेऊन गेली. शंतनू जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून काहीतरी भरत बसला होता. क्लेमच असणार. मी जाऊन लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला.

"पाठवू नकोस."

"काय झालं, बाबा?"

"सही करू नकोस. ते मी केलंय." आणि मग थांबता येईना. सीटचं, जोराचं, सोमवारचं, सगळं सांगितलं. मला काहीच आठवत नाही हे सांगितलं. तळ्यावर फोन टाकायला गेलो होतो, तेही सांगितलं. "मला कांचनच्या आईसारखं करू नका," असंही बोलून गेलो, आणि मग रडू आलं. मुलासमोर मी शैला गेली तेव्हाही रडलो नव्हतो.

शंतनू दचकला नाही. त्याने खुर्ची ओढली, मला बसवलं, पाणी दिलं. ही शांतता मला खटकली. माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा असा ऐकत नाही. साक्षीदार पढवलेला असला की आम्हाला चेहऱ्यावरून कळायचं.

"बाबा," तो म्हणाला, "हे तुम्ही मला मंगळवारी सांगितलंत."

"कसं सांगेन? मला कालच कळलं."

"मंगळवारी सकाळी सांगितलंत. मग गुरुवारी संध्याकाळी परत."

त्याचा आवाज इतका हळू होता की मला ओरडताही येईना. तो सांगत गेला. क्लेम त्याने मंगळवारीच विथड्रॉ केला. सही झालीच नव्हती. बँकेला फोन करून खरं सांगितलं की चूक घरातच झाली. ऍपमधून कार्ड काढून टाकलं, आता काही दाबलं तरी खरेदी होणार नाही. ऍप तेवढं राहू दिलं, कारण सकाळी गाडी गरम करायला मला आवडतं.

म्हणजे त्याची फाइल सुरक्षित होती. ज्या गोष्टीसाठी मी काल दिवसभर आणि रात्रभर मरत होतो, ती चार दिवसांपूर्वीच मिटली होती, आणि मिटवणारा मीच होतो. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी मंगळवार शोधला. मग गुरुवार शोधला. दोन्हीकडे काही नव्हतं.

"तळ्याचंही सांगितलं होतं?"

"हो. दोन्ही वेळा."

म्हणजे तीनदा मी त्या बदकांसमोर हात वर करून उभा राहिलो होतो.

"आणि एवढाच घाबरलो होतो?"

"एवढेच," तो म्हणाला.

आरोपी गुन्हा कबूल करतो तेव्हा काय होतं, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. शिक्षा होणार हे माहीत असूनही बाकावर बसतो आणि त्याचे खांदे खाली येतात. बोलून टाकलं, संपलं. माझ्या नशिबी तेवढंही नाही. माझी कबुली पुसली जाणार आणि भीती तेवढी दर वेळी कोरी करकरीत मिळणार.

"एक कर," मी म्हणालो. "मी परत आलो, तर आधी सांगितलंत असं म्हणू नकोस. क्लेम काढून घेतलाय, एवढंच सांग. बाकीचं मला कळायला नको."

शंतनूने डोळे पुसले. "हेही तुम्ही गुरुवारी म्हणालात, बाबा."

"मग आज का सांगितलंस?"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. क्लेम नव्हता तो. दवाखान्याचा फॉर्म होता, आणि रुग्णाच्या नावाच्या जागी देवदत्त, म्हणजे मी. "सोमवारी साडेदहाची अपॉइंटमेंट आहे. मेमरीच्या डॉक्टरांकडे. तुम्हाला अंधारात ठेवून गाडीत बसवायचं, मला नाही जमणार ते."

मी हो म्हणालो. मग लक्षात आलं की सोमवारला अजून दोन दिवस आहेत, आणि हा हो माझ्याजवळ राहीलच असं नाही. त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि तिथेच, त्याच्यासमोर बसून, हे सगळं लिहून काढलं. सोमवारी सकाळी त्याने हे मला वाचून दाखवायचं आहे. मी रागावलो, नाही म्हणालो, तरी वाचायचं.