नववी गोटी आणि दोन्या एर्सिलियाचे छप्पर

पिंजरा म्हणाल तर मी एक जुना पिंजरा आहे. पण मित्रांनो, माझ्यात पाखरू कधी राहिले नाही. माझ्यात राहतात लाकडी गोट्या, आणि प्रत्येक गोटीवर कोरलेला असतो एक आकडा. मला बोलियेरो म्हणतात. पाराना नदीच्या काठी, विद्यापीठात जिथे कायदा शिकवतात, तिथल्या तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत माझा मुक्काम आहे.

पक्ष्यांचे पिंजरे विणणाऱ्या एका इटालियन कारागिराने मला पितळी तारांनी गोल वळवले. बाजूला फिरवायचा दांडा बसवला आणि पोटाशी एकच गोटी निसटेल एवढे तोंड ठेवले. काम झाल्यावर त्याने मला उन्हात धरून फिरवले आणि स्वतःच्या छातीवर क्रूस काढला. त्या क्षणापासून मला वाटत आले, की आपल्याला काही साधेसुधे काम दिलेले नाही.

अभ्यासक्रमात जेवढे धडे, तेवढ्या गोट्या. तोंडी परीक्षेला विद्यार्थी येतो, दांडा फिरवतो, गोटी घरंगळत बाहेर येते. जो आकडा निघेल, त्या धड्यावर त्याने परीक्षकांपुढे बोलायचे. काय सांगू मित्रांनो, किती घामेजलेले हात माझ्या दांड्याला लागले! कुणी गळ्यातल्या इतातीच्या देवमातेच्या पदकाचे चुंबन घेई, कुणी डोळे गच्च मिटून घेई. आणि मग ते बोलू लागत. आधी आवाज कापे, शब्द अडखळत. पण कीर्तनात बुवांचा सूर लागावा तसा मध्येच कुणाचा सूर लागून जाई, आणि करार, वारसा, शपथ, न्याय असे शब्द त्या उंच छताखाली घुमू लागत. त्या वेळी माझ्या तारा आतून थरथरत. शेवटचा विषय पार केलेल्याला मित्र बाहेरच्या पायऱ्यांवर गाठत आणि अंडी, पीठ, मोहरीचा सॉस असे सगळे त्याच्या अंगावर ओतत. आई बाजूला उभी राहून रडत हसे. नवा वकील पिठाचा पुतळा होऊन घरी जाई.

असे सगळे छान चालले होते. मग एका उन्हाळ्यात खोलीला चुना लावताना मी टेबलावरून पडलो. गोट्या फरशीभर पांगल्या. कामगारांनी त्या गोळा करून माझ्यात भरल्या. पण नऊ नंबरची जमिनीच्या जाळीतून खाली गेली, ते कुणाच्या लक्षात आले नाही. मोजल्या कुणीच नाहीत. मला कळत होते, पण मला फक्त खुळखुळता येते.

विद्यार्थी मात्र चलाख! नऊ कधीच येत नाही, हे त्यांनी ताडले. बर्फाचे तेरेरे, म्हणजे आमच्याकडचा गार हिरवा काढा, एकाच नळीने आळीपाळीने ओढताना वरच्या वर्गातली मुले खालच्यांना सांगू लागली, "नववा सोडून दे रे. निघतच नाही." नववा धडा वर्गात शिकवायचा दिवस आला, की बाके ओस पडत. परीक्षकांना वाटे, नशिबाचा खेळ, निघाली नाही गोटी. अशा रीतीने नववा धडा न वाचलेले किती वकील पिठात न्हाऊन बाहेर पडले, देवालाच ठाऊक.

गुरुवारी दुपारी माझी खोली वेगळे रूप घेई. परीक्षेच्या त्याच टेबलावर शेवटच्या वर्षाची मुले गोरगरिबांना फुकट सल्ला देत, त्यांचे खटले चालवत. त्यांच्यावर देखरेख करायला डॉक्टर सालदिबार बाई असत. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात.

अशाच एका गुरुवारी दोन्या एर्सिलिया आली; दोन्या म्हणजे आमच्याकडचे मानाचे 'बाई'. नदीकाठच्या वस्तीतली, चिपा म्हणजे चीज घातलेले छोटे पाव भाजून विकणारी म्हातारी. कडेला चिपांची टोपली, हातात न्यायालयाचा कागद. समोर यामिला ओब्रेगॉन बसली होती, वर्गातली हुशार मुलगी.

"बसा आजी. काय झालं?"

"माझं काही नाही झालं. कागदाला झालंय. एक साहेब म्हणतो, जमीन त्याची. मी तर त्याला जन्मात पाहिला नाही. त्यानं तरी मला कुठं पाहिलंय?"

"तुम्ही तिथं कधीपासून राहता?"

"माझा बेनिग्नो जिवंत होता तेव्हापासून. नातवंडांना मिशा फुटल्या आता."

यामिलाने कागद वाचला. घर रिकामे करून मागणारा दावा होता आणि उत्तर द्यायला थोडेच दिवस उरले होते. ती उठून बाईंकडे गेली.

"डॉक्टर, ह्यांच्याकडे खरेदीखत नाही. मग आपल्याला लढायला काय आहे?"

"अगं, नववा धडा!" बाई म्हणाल्या. "वीस वर्षं मालकासारखं राहिलं, की जमीन राहणाऱ्याची होते. बोल, काय काय सिद्ध करावं लागतं?"

यामिला हातातला कागद पुन्हा उलटून पाहू लागली. बाईंनी शेजारच्या मुलाकडे पाहिले. तो छताकडे पाहू लागला. तिसऱ्याला खोकला आला.

"कुणालाच येत नाही?"

"नऊ कधी निघतच नाही ना, डॉक्टर," यामिला पुटपुटली.

बाईंनी मला उचलले, तोंड उघडून टेबलावर ओतले आणि गोट्या ओळीने लावल्या. आठाच्या पुढे दहा. बाईंनी त्या दोघींच्या मध्ये बोट टेकवले. मला वाटले, आता त्या कडाडतील. दोन्या एर्सिलियाच आधी बोलली, "काय रे लेकरांनो, माझं घर तुमच्या खेळात हरवलं होय?"

मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर मला वाटत आले होते, की माझ्यात आकडे आहेत. त्या दुपारी कळले, की एवढ्याशा लाकडाच्या गोटीत एका बाईचे छप्पर, तिची मातीची भट्टी, तिचा गेलेला नवरा, सगळे राहत होते. मग बाकीच्या गोट्यांत कोण कोण असेल? माझ्या पितळेला शहारा आला.

बाईंनी खुर्च्या ओढल्या आणि तिथेच नववा धडा सुरू केला. शेजाऱ्यांची साक्ष हवी, पण एकट्या साक्षीवर न्यायाधीश मालकी देत नाहीत. दुसरा भक्कम पुरावा लागतो. तो कुठून आणायचा? पुढचे दिवस ही मुले झपाटल्यासारखी पळत होती. यामिलाला विद्यापीठाच्या भूगोल विभागात जुन्या महापुराच्या वेळी विमानातून काढलेली छायाचित्रे सापडली. ती तिने ह्याच टेबलावर पसरली आणि दोन्या एर्सिलियाच्या हातात भिंग दिले.

चहूकडे पाणीच पाणी. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढे एक पांढरे छप्पर.

"हेच," म्हातारी म्हणाली. "आणि हे काळं टिंब आमची गाय, लुसेरा. तिला छपराला बांधलं होतं, नाहीतर वाहूनच गेली असती."

"आजी, गाय न्यायाधीशांना दिसणार नाही."

"मग त्यांना चष्मा दे!"

आभाळाच्या उंचीवरून, देवाच्या नजरेने टिपल्यासारखे ते घर दिसत होते. तिथे असलेले प्रत्येक पोर वाकून पाहत होते. महापूर वीस वर्षांपेक्षा कितीतरी जुना होता. शेजारी पुढे आले, विजेच्या जोडणीचा दाखला निघाला, आणि न्यायाधीश स्वतः येऊन ती भट्टी पाहून गेले. त्यांना गरम चिपा दिल्या, तर त्यांनी खाल्ल्या नाहीत. "कामावर आहेत बिचारे," असे म्हणून दोन्या एर्सिलियाने त्या कारकुनाला दिल्या.

निकाल यायला पुढचा हिवाळा उजाडला. यामिलाने तो ह्याच खोलीत उभे राहून वाचला. भाषा जड होती, वाक्ये लांबलचक. ती शेवटपर्यंत वाचत राहिली. खोलीतली सगळी मुले उठून उभी राहिली होती. दोन्या एर्सिलिया शांतपणे टोपली मांडीवर घेऊन ऐकत होती.

"म्हणजे आता काय गं?" तिने विचारले.

"म्हणजे, आजी, घर तुमचं आहे."

"ते मला ठाऊकच होतं. त्यांना कळलं, तेवढं बरं झालं."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या शाळेत, कचेरीत, देवघरातही असतील. त्यांना पुसा, तेल द्या, आमचा त्यावर हक्क आहे. पण त्याहून एक मागणे मोठे आहे. जे काम आपल्या वाट्याला येणार नाही असे वाटते, तेही शिकून ठेवा. टोपली घेऊन दारात कोण येईल, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नसते.