चौथी बाटली

बेडकाचा पाय काही हलेना. साडेआठ वाजलेले, दहाला बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा, आणि सांगलीहून आलेले परीक्षक तिकडं प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेत बसलेले.

आकाराम घाबरला नाही. अकरा वर्षं तो त्या प्रयोगशाळेत लॅब अटेंडंट होता. शाळा सातवीतच सुटलेली, पण बेडकाच्या मांडीतली नस न तुटता पोटरीच्या स्नायूसकट सोडवावी ती त्यानंच. नवे प्राध्यापक त्याचा हात बघून शिकायचे. नसेला बारीक करंट दिला की स्नायू आखडायचा आणि त्याला बांधलेली काडी काजळी धरलेल्या ड्रमवर पांढरी रेघ ओढायची. आज तिसरा बेडूक झाला तरी ड्रम काळाच.

पवित्रा मॅडम विभागप्रमुख म्हणून महिन्यापूर्वीच आलेल्या, निपाणीकडच्या. त्यांना सगळं पुस्तकाप्रमाणं लागायचं. पाय भिजवायचं सलाईन आकाराम कॉलेजच्या विहिरीच्या पाण्यात करतो, हे त्यांनी काल बघितलं आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरायला लावलं. आता त्या म्हणाल्या की मामा, तुमच्या हातनं काहीतरी चुकलंय, उद्यापासून सलाईन दुसरं कोणीतरी करेल, तुम्ही बाटल्या धुवा.

हे त्याला लागलं. बोलला मात्र एवढंच, की धा मिनटं द्या.

गावी कळंब्याला रानातली मोटर बंद पडली की तो वायर सोडून करंट थेट मोटरलाच देऊन बघायचा, तेच त्यानं इथं केलं. नस बाजूला ठेवली आणि करंट थेट स्नायूला लावला. स्नायूनं असा हिसका दिला की ड्रमवर दोन बोटं उंच रेघ.

"मॅडम, मोटर चांगली हाय. वायर मी तोडल्याली न्हाय, तीन-तीन बेडकांची तर न्हाईच न्हाई. मधला जोड मेलाय."

मॅडम ड्रमजवळ आल्या. नस स्नायूला चिकटलेली नसते, त्या म्हणाल्या, मध्ये केसाहून बारीक फट असते. नसेच्या टोकातून रसायन सुटतं, ते फट ओलांडतं, तेव्हा स्नायू हलतो. आणि ते सुटायला कॅल्शियम लागतं. बोलता बोलताच त्यांची नजर फळीवर गेली. सलाईनच्या क्षारांच्या चार बाटल्या तिथं ओळीनं होत्या.

"मामा, कॅल्शियम क्लोराईड किती घातलंत?"

पुस्तकातला आकडा त्याला पाठ होता. तो सांगितला असता तर सगळं खापर डिस्टिल्ड वॉटरवर, म्हणजे मॅडमवर फुटलं असतं. आकारामनं चौथी बाटली काढून त्यांच्यापुढं उलटी केली. काही पडलं नाही.

"घातलंच न्हाय. सात वर्षं झाली, रिकामी हाय. आधीच्या सरांना सांगितलतं, पुढल्या मागणीत बघू म्हणाले. पाय तर हलत हुता, मग मीबी परत इचारलं न्हाय. चूक माझीच हाय."

"मग सात वर्षं हलला कसा?"

त्यानं कोपऱ्यातली, रोज विहिरीच्याच पाण्यानं भरायची चहाची किटली आणली. आत बोटाच्या पेरभर पांढरा थर. मॅडमनी नखानं खरवडला, बघितला, आणि एकदम हसल्या. विहिरीच्या पाण्यातच होतं की सगळं कॅल्शियम.

मग घागर आली. तीन बाटल्यांतले क्षार आणि विहिरीचं पाणी. पाय त्यात भिजत घातले. नऊ पंचवीसला आकारामनं परत नसेला करंट दिला. काडी उडाली, काजळीवर रेघ उमटली. दुसरी. तिसरी.

दहाला परीक्षक आले. रेघा बघून त्यांनी विचारलं, सलाईन कोणी केलं.

"मामांनी," मॅडम म्हणाल्या. "उद्याही तेच करतील."

दुपारी त्यांनी मागणीपत्रात कॅल्शियम क्लोराईड सगळ्यात वर लिहिलं आणि आकारामला बजावलं, की बाटली परत रिकामी झाली तर गप्प बसायचं नाही, ओरडून सांगायचं.

"ओरडायचं काय त्यात," आकाराम म्हणाला, "आमचं साधं बोलणंच तसं असतंय."